पाटीच्या मागे लिहिलेला बाजार

सुनेनं दारावरची पाटी बदलायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, मालवणहून आल्यावर बघू. पाटीवर ह्यांचं नाव आहे आणि हे जाऊन तीन वर्षं झाली. तिचं काही चुकत नव्हतं. माझ्याच तोंडून हो निघेना.

मालवणला जायला निमित्त होतं. आमची जुनी शेजारीण फिलू टीचर महिनाभर फोन करत होती. निवृत्त झाल्यावर तिनं एक उद्योग काढलाय. पिंगुळीचे चित्रकथी पूर्वीपासून चित्रांची पोथी एकेक पान उभं धरून, गाऊन सांगतात. तशीच पोथी मालवणच्या जुन्या बाजाराची करायची. लोकांनी आठवणी सांगायच्या, पिंगुळीच्या सुवर्णानं चित्रं काढायची.

हे त्याच बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आम्ही तिथे बावीस वर्षं भाड्यानं राहिलो. फ्लेक्स आले, काम आटलं आणि आम्ही कोल्हापूरला मुलाकडे आलो. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. वाचायला खरी शिकले ती अंगणात वाळत ठेवलेल्या पाट्यांवरून. आज लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणते, त्याचं मूळ तिथे आहे. त्यांच्या हातची एखादी तरी पाटी उरली असेल का, एवढंच मला बघायचं होतं.

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरावी. बायकांना अर्धं तिकीट. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. वळणं लागत असतील तर पुढे बसा आणि निघताना पोटभर खाऊ नका. कसालला हायवे सुटला की दोन्ही बाजूंना काजू आणि जांभ्या दगडाचे, कुंपणाचे गडगे सुरू होतात. पाचेक तासांत मालवण. बाजारामागे खोली घेतली, हजार रुपये. गरम पाणी बादलीनं मिळतं, पण देतात हसून. बांगड्याची थाळी दोनशेच्या आत. सोलकढी पुन्हा मागायला लाजू नका.

दुपारी बाजारातून मान वर करून चालले. किल्ल्याच्या होड्यांकडे निघालेली माणसं मला चुकवून पुढे जात होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. ह्यांची एकही पाटी नाही. खोलीवर येऊन नुसती पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिलूच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. मला बघून ती म्हणाली, "ये गो पेंटरणी, बस हंय." नवरा गेल्यावर मला या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

सुवर्णा पानं दाखवू लागली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, की झालं एक पान. मासळीवाल्या, बांगडीवाला, पावाची भट्टी. लोक मध्येच थांबवून चुका काढत होते. छत्री दुरुस्तीवाला डावरा होता, त्याचा उजवा हात काढलास म्हणून एका आजींनी तिला चांगलंच धारेवर धरलं. सुवर्णा हसत पेन्सिलीनं खूण करून ठेवत होती.

मग एक कोरं पान आलं. बाजाराच्या कोपऱ्यावर आज बाबलभाऊंच्या मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. त्याआधी बाबलभाऊंचं वाणसामान होतं. त्याच्याही आधी काय, यावर फिलूचं आणि बाबलभाऊंचं भांडण. ते म्हणत सोडावाला, ती म्हणे शिंपी. महिनाभर ते पान अडलं होतं आणि सकाळी पोथी बाजारात मांडायची होती. फिलू म्हणाली, उद्यापर्यंत ठरलं नाही तर पान काढून टाकू.

मी बाबलभाऊंना विचारलं, तुमच्या वाणसामानाची पाटी कुठे गेली?

"तो पत्रो? मागल्या दारी लाकडांच्या खोपीर घातलेलो आसा. कित्याक गो?"

"उतरवा आणि उलटा करा," मी म्हटलं.

ह्यांची एक रीत होती. नवा पत्रा कुणाला परवडत नसे, म्हणून जुन्यावरच रंग देऊन नवं नाव घालायचे. पण जुनं नाव बुजवण्याआधी ते पत्र्याच्या मागे लिहून ठेवायचे, उरल्यासुरल्या रंगात, एकाखाली एक. मी चिडवायचे, मागचं कोण वाचणार? ते म्हणायचे, जो पाटी उतरवील तो.

बाजार ओलांडून सगळी वरातच बाबलभाऊंच्या मागल्या दारी गेली. पत्रा खाली आला. पुढची बाजू उन्हापावसानं खाऊन टाकली होती. मागे धूळ आणि जळमटं होती. बाबलभाऊंनी धोतराच्या सोग्यानं पुसलं. वर शिंप्याचं नाव, त्याखाली सोडावाल्याचं. ह्यांचं अक्षर. कालच वाचलेलं असावं तसं मी ते घडाघडा वाचलं.

"म्हंजे दोगय खरे?" बाबलभाऊ फिलूला म्हणाले. "मगे इतकी वर्सां आमी फुकट भांडलो."

"फुकट नाय," फिलू म्हणाली, "तुका दुसरो उद्योग खंय होतो?"

सुवर्णानं तिथेच ओट्यावर बसून पान काढायला घेतलं. एका बाजूला शिंप्याचं मशीन आणि सोड्याच्या बाटल्या. दुसऱ्या बाजूला पेंटर. दिसायला कसे होते, तिनं विचारलं. शिडीवर असले की पाठच दिसायची, म्हटलं. तिनं पाठच काढली, हातात ब्रश. बरोबर तीच पाठ.

सकाळी पोथी बाजारात उघडली. ते पान आलं तसे दोन दुकानदार उठून गेले. आपापल्या जुन्या पाट्या शोधायला.

तुम्ही मालवणला जाल तेव्हा किल्ला बघाच, पण एक संध्याकाळ बाजारासाठी ठेवा. पोथी फिलूकडे आहे. बाजारात टीचरांचं घर कुणीही दाखवतं, चहाही होतो.

कोल्हापूरला आल्यावर मीच स्क्रू ड्रायव्हर मागितला. दारावरची पाटी उतरवून उलटी केली. मागे कोरा पत्रा. म्हणजे त्यावरचं कुठलंच नाव अजून बुजवलेलं नव्हतं. लाल रंगाची छोटी डबी आणली होती. सगळ्यात वर ह्यांचं नाव लिहिलं. ओळ थोडी उताराला लागली. वाळल्यावर पाटी सुनेच्या हातात दिली आणि म्हटलं, आता पुढे तुम्हाला हवं ते लिहा.

तिनं उलटसुलट करून बघितली. "आई, हे मागचं कोण वाचणार?"

मी म्हटलं, जो पाटी उतरवील तो.