सहावा खांब

कुंपणासाठी खड्डा खणला, खांब उभा केला, काँक्रीट ओतलं, की निघालेली माती परत आत मावत नाही. बाजूला ढीग उरतोच. आमच्या धंद्यातले किस्से असेच उरलेले. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात मुंबईवाल्यांच्या फार्महाउसांना कुंपणं घालण्यात आमची अर्धी हयात गेली, तेव्हा ढीग केवढा झाला असेल बघा.

आमचा मुकादम दामूदादा. त्याचा कायदा एकच. खांब दोन फूट खाली, बुडाला खडी, वर काँक्रीट, आणि तीन दिवस कुणी हात लावायचा नाही.

आटगावच्या एका मॅडमनी दुसऱ्याच दिवशी दोन खांबांना कपड्यांची दोरी बांधली. दादाने मुकाट जाऊन ती सोडली आणि घडी करून मॅडमच्या हातात दिली.

"बाळंतीण हाये ती, मॅडम. आताच कामाला लावू नका."

मॅडमनी तीन दिवस मुलांना त्या बाजूला मोठ्याने बोलूसुद्धा दिलं नाही.

*

वैशाखरे गावात रस्त्याच्या कडेला आमचा एक खांब आहे. एक ट्रक मागे घेताना त्याच्यावर आदळला. ट्रक गेला गॅरेजला, खांबाचा गेला फक्त चुना. ड्रायव्हर खाली उतरला आणि खांबाला 'सॉरी' म्हणाला. माझ्यावर विश्वास नसेल तर खांबाला विचारा, तो अजून तिथेच उभा आहे.

*

आता किसनचं सांगायला हवं. किसन म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. दादा खांब धरायचा आणि किसन तीस पावलांवर जाऊन, एक डोळा मिटून, रांग बघायचा. "डावीकडं. अजून. बास." तो 'बास' म्हणाला की ओळंबा लावायची गरज नसे. दुपारचा चहाही दोघांत एकच. कप दादाचा, बशी किसनची.

मग बाप गेला, आणि गोठा कुणाच्या बाजूला यावरून दोघांत वाजलं. गोठा राहिला बाजूला, बोलणं मात्र बंद. चार वर्षं झाली. घरं समोरासमोर, मधे एकच अंगण.

तेव्हापासून रांग बघायला मी. मी "बास" म्हणतो, तरी दादा खांब सोडत नाही. कान देऊन तसाच उभा राहतो.

"दादा, बास म्हणलो ना मी?"

"तू म्हणलास रे, गणपत," म्हणतो, आणि मग सोडतो.

चहाचंही तेच. बशीत अर्धा ओततो, आणि ती बशी कुणाला न देता बाजूला ठेवून देतो. एकदा मी हात पुढे केला, तर म्हणाला, "गरम हाये." पार गार झाली होती.

*

किसन काम सोडून गेला त्याच साली आम्ही शहापूरला एका बंगल्याच्या जागेला चारी बाजूंनी कुंपण घातलं. शेवटचा खांब बसला, हात धुतले, आणि बघतो तर मिक्सर आत, आम्ही आत, आणि फाटकाला जागाच सोडलेली नाही. फाटकाची खूण करणं किसनचं काम. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

साहेब बाहेर गाडीपाशी उभे. "अरे, मी आत येऊ कसा?"

दादा शांतपणे म्हणाला, "तीन दिवस तरी कसंच नाय. काँक्रीट ओलं हाये."

*

आणि यंदा किसनलाच कुंपण हवं झालं. अंगणाच्या मधोमध. तालुक्यात पक्कं काम करणारा माणूस एकच, आणि तो त्याच अंगणात पलीकडे बसलेला. दोघांत चार हातांचं अंतर, आणि मधे मी.

"गणपत, सांग त्याला, बारा खांब. पक्कं काम पायजे. हलता कामा नये."

"गणपत, सांग त्याला, माझं काम कधी हललं नाय."

"सांगतो," मी म्हणालो. दोघांनीही ऐकलं होतं.

किसनची बायको दारातून म्हणाली, "गणपतभावजी, तुमचा घसा दुखंल. पाणी देऊ का?"

पाच खांब नेहमीसारखे बसले. सहावा नेमका दोन दारांच्या समोर. मी काँक्रीटचं घमेलं उचललं, तर दादाने ते माझ्या हातातून घेऊन सातव्या खड्ड्यापाशी ठेवलं. सहाव्यात खणलेलीच माती लोटली, पायाने दाबली, आणि वरून थापीभर सिमेंट सारवलं. बघणाऱ्याला बाराही सारखे दिसावेत असं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही मान वळवून आंब्याचा मोहोर बघत राहिलो. आंब्याला मोहोर नव्हता.

चौथ्या दिवशी, तार ओढायच्या आधी, किसन काम बघायला आला. एकेक खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत निघाला. पहिला, दुसरा, तिसरा. दादा ओट्यावर चहा घेऊन बसलेला, बशी शेजारी. चौथा, पाचवा.

सहावा त्याच्या हातात पडायला आलेल्या दातासारखा हलला. वरच्या सिमेंटचा पापुद्रा तडकला.

किसन तसाच खांब धरून उभा राहिला. मग पायाने माती हळूच पुन्हा दाबली, तडकलेला तुकडा जागेवर बसवला, आणि सातव्याला हात न लावता मागे सरकला. एक डोळा मिटून रांग बघितली.

"गणपत," तो म्हणाला, "सांग दादाला. एकदम पक्कं बसलंय."