अण्णांनी गेटवर अडवलेला उमेदवार

ग्रुपवर मी नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

सकाळी शिरूरला घोड नदीवर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दहावा झाला. निवडणूक जवळ आल्यामुळे श्रद्धांजलीच्या माइकपुढे पुढाऱ्यांची रांग लागली. एकाने अण्णांना प्रगतिशील शेतकरी केलं, दुसऱ्याने रस्त्याचं आश्वासन दिलं. अण्णा रांजणगावच्या एका कंपनीत वॉचमन होते. मी मान खाली घालून ऐकत होते.

मग त्याच कंपनीचे मॅनेजर उठले. ते फौजेतून निवृत्त झालेले मेजर आहेत आणि यंदा आमदारकीला अपक्ष उभे आहेत.

ते म्हणाले, "एकदा मी पास घरी विसरलो. यांनी मला गेटवर अडवलं. मी चिडलो, म्हटलं मला ओळखत नाही का? तर म्हणाले, 'वळखतो की साहेब, पर पास दाखवा.' मी घरी जाऊन पास आणला आणि त्यांची माफी मागितली."

त्यांनी अण्णांच्या फोटोला सॅल्यूट केला आणि खाली बसले. मतांचं नावही काढलं नाही.

चुलते पुटपुटले, "मतं मागायची सोडून सोताचीच फजिती सांगत बसला. ह्यो कसला निवडून येतोय!"

कदाचित नाहीच येणार. पण अण्णांनी हे घरी कधीच सांगितलं नव्हतं. दहा दिवसांत मला आज पहिल्यांदा रडू आलं.

तुमच्या माणसाची अशी एखादी गोष्ट तुम्हाला तो गेल्यावर, परक्याकडून कळली आहे का?