कंपनीचा फ्रीज आणि चाळीचा कर

कोपरीत आमच्या चाळीच्या तोंडाशी माझं छोटं दुकान आहे. त्यातला फ्रीज माझा नव्हता. कोल्ड्रिंकच्या कंपनीने तो फुकट ठेवायला दिलेला. अट एकच, त्यांच्या बाटल्या खपल्या पाहिजेत. त्या खपत होत्या. वर बाटल्या, खाली माझं दूध आणि अर्ध्या चाळीचं इडलीचं पीठ. शनिवारी डब्यांना जागा पुरायची नाही.

मग माझ्या नातीच्या दाढा किडल्या. जेवायला बसली की रडायची, एकाच बाजूने चावायची. बाकीच्या पोरांचीही तोंडं तशीच. विहारात बायकांची सभा भरली आणि ठरलं, पोरांच्या बाटलीवर कर. बाटलीमागे पाच रुपये जास्त, ते माझ्याकडच्या डब्यात.

मी म्हटलं, "पिऊ नका म्हणायला तुम्हाला तोंडं नाहीत का?"

शेजारीण म्हणाली, "आमचं ऐकतात कुठे? तुम्हाला घाबरतात, मावशी."

ते खरं होतं.

डब्यातल्या पैशांतून पोरांना कॅरमबोर्ड घ्यायचा, असंही ठरलं. इथेच शहाण्या बायका फसल्या. कॅरमचं कळल्यावर पोरं जास्तच प्यायला लागली. एकजण ढेकर देत म्हणाला, "आजी, अजून किती प्यायलो की कॅरम येईल?" माझी नात गाल धरून त्याच्या मागे उभी. "आजी, माझा पण कर घे ना."

कंपनीचा माणूस खूश. म्हणाला, "मावशी, तुम्हाला मोठा फ्रीज देतो." मोह मलाही झाला. पण त्या गालाकडे बघून मी दुसऱ्याच दिवशी पोरांना सांगितलं, "कॅरम रद्द. या पैशांतून दाताच्या डॉक्टरकडे जायचं. ज्याने जास्त कर भरला, त्याचा पहिला नंबर."

त्या दिवसापासून बाटल्यांना कुत्रं विचारेना. पहिला नंबर माझ्या नातीचाच लागला. दुकान घरचं, दुसरं काय होणार?

पुढच्या खेपेला कंपनीच्या माणसाने फ्रीजचं दार उघडलं. "मावशी, हा इडलीसाठी दिलाय का?"

"पिठावर कर नाही," मी म्हटलं.

तो हसला नाही. दोन दिवसांनी टेम्पो आला. बायका आपापले डबे न्यायला जमल्या. शेजारीण कानाशी लागली. "मावशी, कर थोडा कमी केला तर? फ्रीज राहण्यापुरता?"

"तुझ्या इडलीसाठी पोरांनी दात किडवायचे?"

तिने डबा उचलला. फ्रीज टेम्पोत चढला.

आता तिथे माठ आहे. पोरं पाणी पितात आणि पेला कुठेही टाकून जातात. दूध मला दोनदा आणावं लागतं. परवा शेजारणीने इडल्या दिल्या, त्या आंबट होत्या. मी तोंडावर सांगितलं.

"मग लावा आंबटावर कर," ती म्हणाली.

नातीने चार खाल्ल्या. वर माझ्या बरणीतले चणे काढून दारात बसली, दोन्ही बाजूंनी कुडुमकुडुम चावत.