ओला गेरू

सून दारातल्या कुंड्यांना गेरू लावायला बसली, की त्या ओल्या वासानं मी उठून आत जातो. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका गिरणीत चादरींचे गठ्ठे ट्रकबरोबर पोचवायचो. एका खेपेला परगावी नको त्या घरात पाय पडला, आणि आठवड्यात जांघेत पाण्याचे फोड उठले, निखारा ठेवल्यागत आग. ड्रायव्हर म्हणाला, "फोड वले हायती तवर सरकारी दवाखान्यात दाव. वाळल्यावर डाक्टर काय बघनार?" मी उसळलो, "गुप्तरोगाच्या रांगंत मी हुबा ऱ्हाऊ व्हय? नागीण हाय ही!" नागिणीवर लावतात तसा कुंभाराकडून गेरू आणला, उगाळून लावला. फोड वाळले, मी मिशीला पीळ दिला. महिन्याभरात बायकोला तसेच फोड आले, ती तापानं फणफणली. आई तिच्यावर ओरडली, "म्हायेरी कुटं शेण खाऊन आलीस गं?" ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मी कुटं जाती?" आणि माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून तिच्यासाठी गेरू उगाळत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात गेली, त्याच रांगेत उभी राहिली. मी मागं जाऊन खिडकीबाहेर लिंबाखाली थांबलो. डॉक्टर आत विचारत होते, "नवरा कुठाय? त्यालाही तपासायला हवं." ती म्हणाली, "मालक परगावी गेल्यात जी." ती जाऊन सहा वर्षं झाली. लिंबापासून त्या दारापर्यंत दहा पावलं होती, आणि कुणापुढं न वाकणाऱ्या मला तेवढी चालता आली नाहीत.