चोवीस पौंड हवा

कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांतली माझी झोप अमरावतीच्या एका गॅरेजात राहून गेली.

बाबा तिथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. एकदा अंजनगावच्या रस्त्यावर टायर फुटला आणि मालकांनी मुंबईहून हवा मोजायचं गेज मागवलं. फाउंटनपेनाएवढी नळी. चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबली की मागून पांढरी दांडी सरकून बाहेर येई आणि तिथेच थांबे. तिच्यावर बारीक रेघा आणि आकडे. मालकांचा हुकूम निघाला: रोज सकाळी चारही चाकं मोजायची आणि आकडा सांगायचा. चोवीस पौंड, कमी नको की जास्त नको. तोवर बाबा टायरवर पान्याची मूठ मारून आवाजावरून हवा ओळखत असत.

बाबांना दूरचं सगळं दिसे. रस्त्यात आडवा बसलेला बैल त्यांना फर्लांगभर आधी कळायचा. जवळच्या रेघा मात्र एकमेकींत मिसळून जात. वय झालं होतं, चाळिशी लागली होती, एवढंच. पण त्यांच्या लेखी चष्म्याचा ड्रायव्हर म्हणजे संपलेला ड्रायव्हर.

"नाकावर काच दिसली का मालक दुसरा डायवर पाहते," ते म्हणायचे. "मंग तुयं कॉलेज कोन करते?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती पायरी त्या नोकरीवर उभी होती. म्हणून रेघा मी वाचायचो.

राजापेठेतल्या आमच्या खोलीतून आम्ही उजाडायच्या आत मालकांच्या गॅरेजाकडे निघत असू. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचीच हवा खरी. गाडी थोडी जरी पळाली तरी टायर तापतो, आतली हवा तापते आणि आकडा चढतो. गेज अगदी सरळ दाबावं लागे. जरा तिरपं झालं की फुस्स करून हवा सुटायची आणि दांडी खोटं सांगायची. म्हणून प्रत्येक चाक मी दोनदा मोजायचो. कमी भरलं तर बाबा पंप मारत, जास्त झालं तर व्हॉल्व्हमधली पिन दाबून थोडी हवा सोडत, आणि मी पुन्हा उकिडवा बसायचो. मग बाबा वर मालकांकडे जाऊन "चोवीस" सांगून येत. मी तसाच कॉलेजात. प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डुलकी लागायची. मला राग यायचा का, ते आता नक्की सांगता येत नाही. थकवा तेवढा आठवतो, आणि हात धुतले तरी न जाणारा रबराचा वास.

दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मालक अकोल्याला निघाले. "पोराले घ्या संगं," म्हणाले. मी पुढे बाबांच्या शेजारी बसलो. ऊन असं होतं की दाराच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मूर्तिजापुरात चहाला थांबलो, तर मालक खाली उतरून मागच्या चाकाकडे बघत म्हणाले, "हे बसल्यासारखं दिसते. हवा पाहा बरं."

मी गेज घेऊन धावलो.

"तू काहून?" मालक म्हणाले. "डायवर तू हायेस का तुया बाप?"

बाबा चाकाशी बसले. चहावाला हसून ओरडला, "मोटारीची नाडी पाहून राहिले काय, डागदरसाहेब?" बाबांनी गेज दाबलं, काढलं, हातात धरून थोडा वेळ तसंच ठेवलं.

"चोवीस," ते म्हणाले.

मालकांनी हात पुढे केला. गेज डोळ्यांजवळ नेलं. मग हात लांब करून धरलं. पुन्हा जवळ आणलं, भुवया आवळल्या, आणि शेवटी ते माझ्याकडे दिलं. "वाच."

दांडीवर अठ्ठावीस होते.

बाबा वर बघत नव्हते. चोवीस म्हणावं, तर मालक चहावाल्यालाही वाचायला लावतील. अठ्ठावीस म्हणावं, तर बाबांची नोकरी मीच घालवली असं होईल.

"अठ्ठावीस," मी म्हणालो. "पण... टायर तापला आहे. सकाळी थंड असताना चोवीसच होती. मीच पाहिली."

"रोज तूच पाहतं?"

मी मान हलवली.

"मंग जास्तीची सोडाची?"

"नाही. आता सोडली तर उद्या सकाळी कमी भरेल."

मालकांनी गेज माझ्या हातातून परत घेतलं. मग बाबांना म्हणाले, "रस्ता दिसते ना?"

"दिसते, मालक. एकदम साफ दिसते."

"मलेही रस्ता दिसते. हे गेज आणलं त्या दिवसापासून मले त्यातलं काई दिसत नाही, म्हनून तर तुमाले विचारून राहिलो होतो." ते चहाकडे वळले. "अकोल्यात चष्म्याच्या दुकानापाशी थांबवा. तुमाले आन् मले, दोघाईलेही पाहू."

गाडी निघाली. गाव मागे पडल्यावर बाबा रस्त्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "दोन वर्सं तुले फुकटच उठवलं रे." मी काहीतरी बोलणार होतो.

"झोप आता," ते म्हणाले.

मूर्तिजापूर ते अकोला हा रस्ता मी त्या दिवशी पाहिलाच नाही.