तीनशे एकतीस कुटुंबं

तमाम नागरिकांना, टँकरमालकांना, ड्रमधारकांना आणि ज्यांच्या छतावर काळी टाकी आहे पण टाकीत काही नाही अशा सर्व सद्गृहस्थांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, एका फाइलीत ओळी किती, या अत्यंत गंभीर प्रश्नावरून आमच्या शहरातली एक अख्खी वसती एका सकाळी पाण्यावाचून राहता राहता वाचली. सदर प्रसंगी प्रस्तुत लेखक जातीनं हजर होता. किंबहुना ओळी मोजणारा तोच होता. निवेदन संपलं. आता जरा पुढं सरकून बसा.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि पाऊस वर्षामागून वर्ष तोंड फिरवून बसला होता. जायकवाडीचा मृतसाठा हे शब्द लहान पोरांच्याही तोंडात बसले होते. गंमत अशी की पाणी आटत होतं आणि शहर फुगत होतं. शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला लागलेली माणसं जिथं एखादा गुंठा परवडेल तिथं विटा रचायची. नळ काय, येईल मागून. हर्सूलच्या पलीकडं अशीच एक वसती उभी राहिली होती. तिथं रस्त्याला नाव नव्हतं, घराला नंबर नव्हता आणि पाणी यायचं ते टँकरनं, तेही एक दिवसाआड. त्या आठवड्यात मात्र एक खेप मोटार बिघडल्यामुळं आणि दुसरी कुणाच्या तरी लग्नामुळं बुडाली होती. वसतीतले ड्रम तळापर्यंत कोरडे होते.

ज्या कचेरीतून हे टँकर सुटायचे, तिथं मी कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम बघायचो. प्रत्येक वसतीतल्या कुटुंबांची नोंद एक्सेलमध्ये व्हायची आणि जितकी कुटुंबं, तितक्या हिशोबानं टँकर. साहजिकच ओरड सुरू झाली, की याद्यांत बोगस नावं आहेत. आमचे साहेब कडक. हसले तर पगार कापला जाईल अशी भीती असल्यासारखा चेहरा. त्यांनी मला बोलावून विचारलं, "अहो कॉम्प्युटरवाले, माणसाचा हात न लागता मोजणी होईल का?"

होईल का! मी अशा प्रश्नाची वाटच बघत होतो. सगळ्या याद्या साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवल्या. अशा फाइलीत रकाने नसतात, नुसते स्वल्पविराम असतात आणि एका कुटुंबाला एक ओळ. मग चार आज्ञांची एक शेल स्क्रिप्ट लिहिली. काळ्या पडद्यावर ती चालवली की प्रत्येक फाइलीतल्या ओळी मोजायची आणि आकडा पुढं ठेवायची. वरची मथळ्याची ओळ वजा करायलाही मी विसरलो नव्हतो, बरं का! ओळी मोजणाऱ्या आज्ञेचं नाव 'डब्ल्यूसी' आहे असं सांगितल्यावर साहेबांनी नाक मुरडलं, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "नावावर जाऊ नका साहेब. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही."

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी त्याचा नियमच केला. घरोघर फिरून आणलेला आकडा एकीकडं, स्क्रिप्टचा दुसरीकडं. स्क्रिप्टचा जास्त निघाला, की यादी बोगस आणि चौकशी होईपर्यंत टँकर बंद.

मोजणीच्या सकाळी साहेब माझ्या पाठीशी उभे होते. एक वसती जुळली. दुसरी जुळली. मी दर वेळी एंटर अशा थाटात मारत होतो, जणू तबल्याची समच गाठतोय. मग हर्सूलपलीकडच्या वसतीची पाळी आली. घरभेटीत कुटुंबं दोनशे बारा. पडद्यावर आकडा उमटला तीनशे एकतीस.

मी पुन्हा चालवली. तीनशे एकतीस.

साहेबांनी खिशात हात घातला. मोबाइल काढला, बैठकीत बसलेल्या मोठ्या साहेबांना फोन लावला, "सर, एक सापडली," म्हणाले, आणि त्या वसतीचा टँकर थांबवायची परवानगी जागच्या जागी घेऊन मोकळे झाले.

ती यादी ज्या ऑपरेटरबाईंनी टाइप केली होती, त्या माझ्याच समोरच्या टेबलावर बसायच्या. तिशीतल्या, बोलायला चटपटीत, आणि स्वतः त्याच वसतीत राहणाऱ्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्या जागेवरून उठल्याच.

"साहेब, असं कसं बंद करता? आज टँकर नाय गेला तर परवापर्यंत काय प्यायचं लोकांनी? माझी सासू सकाळपासून ड्रमापाशी बसलीय!"

"शंभराच्या वर नावं जास्तीची घातली, तेव्हा सासू आठवली नाही?"

"म्या एक नाव जास्तीचं घातलं असंल तर इथंच उभं जाळा! माझ्या पडद्यावर बघा ना. डाव्या अंगाला शेवटचा नंबर दोनशे तेराच हाय. एक मथळ्याचा सोडा, दोनशे बारा!"

"तुमच्या पडद्यावर तुम्हाला पाहिजे तेच दिसणार, बाई. यंत्र खोटं बोलत नाही." आणि साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "काय हो, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

माझंच वाक्य असं फिरून माझ्याच कानाखाली बसलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दारात टँकरचे ड्रायव्हर आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दाढी मेंदीनं रंगवलेली, खांद्यावर ओला टॉवेल. अख्ख्या कचेरीत तेवढीच एक ओली वस्तू. त्यांना पाणी भरायच्या टाकीवर जायला आमची चिठ्ठी लागायची.

"साब, चिठ्ठी दो ना जल्दी. गाडी लाइन में लगाके आया. मेरे आगे दोच गाड्यां हैं."

"तुमची खेप रद्द," साहेब म्हणाले.

"रद्द? कैकू? वो लोगां रस्ते पे डब्बे लगाके बैठे हैं, साब! मेरा नंबर गया तो फिर आज का पानीच नै. शाम कू टाकी बंद करते वो लोग."

वर पंखा कुरकुरत होता. बाई माझ्याकडं बघत होत्या. रडत नव्हत्या, रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं पण यंत्रच, माझं पण यंत्रच. मग दोघांत खोटं कोण बोलतंय, तेवढं तरी बघा."

मुद्दा बिनतोड होता. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं. फाइल आतून कशी दिसते ते बघू. हात लावत नाही, नुसती बघतो."

"दोन मिनिटं," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडं बघत उभे राहिले. चाचा दारात उभे राहून एक कान रस्त्याकडं लावून होते.

मी फाइल काळ्या पडद्यावर उघडली. आणि तिथं काय होतं? लग्नपत्रिका!

हसू नका. या बाई आमच्याकडं येण्याआधी गुलमंडीजवळ लग्नपत्रिकांच्या दुकानात टायपिंग करत होत्या. पत्रिकेत काका, मामा, आत्याबाईंचे यजमान, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. दोघांना एका ओळीत कोंबलं तर लग्नात पंगतीतून उठून जातात. तो हात त्यांना लागलेला. त्यात वसतीत घरांना नंबर नाहीत, म्हणजे पत्ता हाच एक लांबलचक प्रवास. बाईंनी लांबलेला प्रत्येक पत्ता एकाच चौकटीत, ऑल्ट दाबून एंटर मारत, एकाखाली एक असा देखणा मांडला होता. एक्सेलमध्ये चौकट नुसती उंच व्हायची आणि ओळ एकच राहायची. साध्या फाइलीत मात्र त्या प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ झाली होती, आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे प्रत्येक तुकड्याला एक कुटुंब समजून मोजत बसली होती. बाकीच्या वसत्यांचे पत्ते दुसऱ्यांनी रटाळपणे एका ओळीत लिहिलेले, म्हणून ते जुळले.

"वाचा," साहेब म्हणाले. मग माझ्यावर विश्वास नसल्यासारखे स्वतःच वाकून वाचायला लागले. "लिंबाच्या मागं... पिवळ्या पत्र्याचं घर... कुत्रं चावतं, हॉर्न वाजवणे." ते थांबले. "हे काय आहे?"

"पत्ता हाय साहेब," बाई म्हणाल्या. "यादीची प्रिंट चाचांच्या हातात जाते ना. त्यांना कळावं म्हणून."

"म्हणजे या कुत्र्याची कुटुंब म्हणून नोंद झाली?"

"वो कुत्ता सच्ची में काटता, साब," दारातून चाचा कळवळून म्हणाले. "मेरेकू काट्या. बोगस नै वो!"

मला हसू फुटणार होतं, पण साहेबांचा चेहरा बघून गिळलं. "कारण कळलं," ते म्हणाले, "पण कारणावर टँकर सुटत नाही. आकडा दाखवा. दोनशे बारा येतो का ते दाखवा."

बाहेर लांबवर हॉर्न वाजला. चाचा म्हणाले, "एक गाडी भर के निकली. अब एकच बाकी."

प्रत्येक कुटुंबाची नोंद अनुक्रमांकानं सुरू होते. मग ज्या ओळीची सुरुवात आकड्यानं होते तेवढ्याच मोज, अशी आज्ञा दिली. एंटर मारला. या वेळी थाट नव्हता.

दोनशे सतरा.

"पाच जास्त," साहेब म्हणाले. ते वाईटपणानं नाही म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. बाईंनी खुर्चीची पाठ धरली. चाचांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला आणि जिना उतरायला पाऊल उचललं.

"थांबा चाचा!" मी ओरडलो. पडदा वर सरकवत गेलो. कुठं होते ते पाच? आकड्यानं सुरू होणाऱ्या ओळी डोळ्यांखालून भराभर चालल्या होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तेवढ्यात बाईंनी काचेवर बोट ठेवलं. "दादा, हे! '3 नंबरच्या खांबापाशी.' खांबाचे पत्ते हायत ते!"

खांब! वसतीत नंबर असलेली एकमेव वस्तू म्हणजे विजेचे खांब, आणि ज्यांना ते भाग्य लाभलं होतं त्यांनी ते पत्त्यात मिरवले होते. मग आज्ञा बदलली: आकडा पाहिजे आणि आकड्याला चिकटून स्वल्पविराम पाहिजे. अनुक्रमांकामागं स्वल्पविराम असतोच, खांबामागं नसतो. एंटरवर बोट ठेवलं आणि खरं सांगतो, आयुष्यात कधी न आठवलेला देव आठवला.

दोनशे बारा.

बाई मटकन खाली बसल्या. चाचा म्हणाले, "अल्ला! अब चिठ्ठी फाडो जल्दी!"

पण चिठ्ठी साहेबांच्या हातात राहिली नव्हती. बंदीची परवानगी मोठ्या साहेबांची, तेव्हा उठवायलाही तेच लागणार. साहेबांनी फोन लावला. पलीकडं बैठक ऐन रंगात होती. मोठ्या साहेबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "आता काय? मघाशी बोगस म्हणालात, आता बरोबर म्हणता? एका वाक्यात सांगा, मला वेळ नाही."

आमच्या साहेबांनी तोंड उघडलं. चौकट, ऑल्ट, एंटर, स्वल्पविराम, लग्नपत्रिका, खांब, हे सगळं एका वाक्यात बसवायला बघत होते ते. कपाळावरची शीर तट्ट फुगली. चाचा रस्त्याकडं बघत बोटं मोडत होते. टँकर त्या दिवशी गेला, दुपारच्या आत गेला, बाईंच्या सासूनं पहिला ड्रम भरून घेतला, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण त्यानंतर साहेब जे ओरडले, त्यापुढं मला काही बोलताच येत नाही. आयुष्यात कधी विनोद न केलेला तो माणूस, भर कचेरीत, फोन दोन्ही हातांनी धरून ओरडला:

"सर, कुत्रं मोजलं गेलं!"