मोऱ्यासमोरचं वाऱ्याचं जहाज आणि बाबाची डोलकाठी

आणि वर दादा मलाच वेडी म्हणतो! बाबाची डोलकाठी, अस्सल सागवानी. मिठाचा मचवा पनवेलच्या खाडीतून मुंबईला नेताना शीड हिच्यावरच चढायचं. ती कापून दादाला जासईच्या नव्या बंगल्यात झोपाळ्याचे खांब करायचेत. मी अडवलं तर म्हणाला, "बाय, पडून पडून मेली ती. आता वाऱ्यावर कोन जातंय?"

तेवढ्यात वहिनीने मोबाइलवर आलेला फोटो दाखवला. उरणजवळच्या मोरा बंदरासमोर उभं मालवाहू जहाज, वर तीन जाडजूड खांब, खाली लिहिलेलं की हे वाऱ्याची मदत घेऊन तेल वाचवतं. दादा हसला. "धुरांडी हायत ती!" म्हटलं थांब, डोळ्यांनी बघून येते, मग बोलू.

मंगळवारी पनवेल स्टँडवरून उरणची एसटी धरली. जासईला वहिनी चढली. दादाला सांगून आली होती, दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून. रस्ताभर कंटेनरच्या गाड्यांची रांग, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली तरी घेऊ नका, नुसती धूळ खाल. उरणहून मोऱ्याला शेअर रिक्षा. सुटे पैसे ठेवा, नाहीतर रिक्षावाला आपल्यालाच सुटे आणायला पाठवतो.

धक्क्यावर कळलं, ओहोटी आहे, जहाजाजवळून मुंबईला जाणारी लाँच दीड तासाने. खाडीकाठची पोर मी, आणि भरती बघून निघायचं तेच विसरले! तुम्ही विसरू नका. टपरीवर वडापाव खाल्ला, तो झकास. चहा पाणचट. टपरीवालीला तोंडावर सांगितलं, तर दुसऱ्या वेळी तिने हसत आलं ठेचून घातलं.

लाँच सुटली. आम्ही वरच्या बाकावर. थोड्या वेळाने वहिनी ओरडली, "अक्का, ते बग!" केवढं ते जहाज! तीन खांब ताठ उभे आणि धुराचा पत्ता नाही. मी खूश. एवढ्यात पुढचा खांब हळूहळू कलायला लागला. मी बाकावर उभी. "पडला! पडला!" सगळी लाँच बघायला उठली. वहिनीने माझा पदर धरला आणि त्या गडबडीत तिची चप्पल समुद्रात!

मागे एक जण बॅग घेऊन बसला होता, उरणचा, मोठ्या जहाजांच्या इंजिनावर काम करणारा. तो पोट धरून हसला. "मावशी, पडत नाय, निजवतायत. माल चढवताना क्रेनच्या आड येतं."

"पण ते हाय काय?"

"शीड."

"मग कापड कुठाय?"

"कापड नाय. मोटर खांब फिरवते. बाजूनं वारा आला का फिरता खांब जहाजाला पुढं ढकलतो. इंजिनाला तेवढं तेल कमी."

"आनि वारा पडला तर?"

"इंजिन हाय ना!"

मी टाळीच वाजवली. बाबाचा वारा पडला की तो वल्ही काढायचा. तेच की हे!

आणि मग ते आठवलं. पुलाखालून जाताना बाबा डोलकाठी अशीच आडवी करायचा. पूल मागे पडला की पुन्हा उभी. ती मेली असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. मी हे सांगितलं तर वहिनी एका चपलेवर नाचायला लागली. भाऊच्या धक्क्यापर्यंत आम्ही दोघी नुसत्या हसत होतो. तिथे तिला नवी चप्पल घेतली, परतीच्या लाँचला पुन्हा जहाज बघितलं. तेव्हा तिन्ही खांब आडवे, शांत निजलेले.

घरी येऊन दोन दिवस झाले. पाय दुखतात, पण भांडी घासतानाही हसू येतं.

तर दादा, वहिनी तुला हे वाचून दाखवेल. तिचे दात ठणठणीत आहेत. सुतार सोमवारी येणार आहे ना? माझ्या कामोठ्याच्या दोन खोल्यांत डोलकाठी मावत नाही, तुझ्याच अंगणात राहू दे, आडवी. झोपाळ्याला लोखंडी खांब लाव. सुताराला नको म्हणून सांगतोस की नाही? शनिवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पाहिजे.